जनरल डब्याचा उतारू आणि कायद्यांतला आंकडा

दिवाळी, होळी किंवा पंढरीची वारी जवळ आली कीं स्टेशनावरच्या भोंग्यांतून आवाज येतो, ‘उतारूंनीं शिस्त पाळावी.’ आणि कोठें चेंगराचेंगरी झाली कीं दुसऱ्या दिवशीं शहाणे लोक म्हणतात, ‘या अडाण्यांस रांगेंत उभें राहतां येत नाहीं.’ हा अडाणी कोण, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. नांगर ठेवून मुंबई-पुण्यास मजुरीला जाणारा कुणबी, हत्यारांची पिशवी घेऊन कामामागें फिरणारा सुतार, लोहार, गवंडी, तोच तो. त्याच्या वतीनें दोन शब्द लिहिणें आम्हांस भाग आहे.

आम्ही शाळामास्तर आहों. पोरांना रांग लावण्यांत आमचीं वीस वर्षें गेलीं. दुपारच्या खिचडीला शंभर पोरें मुकाट्यानें रांगेंत उभीं राहतात, कारण आपल्या ताटांत पळी पडणारच, हें शेवटच्या पोरालाही ठाऊक असतें. एके दिवशीं तांदूळ कमी पडला आणि ती कुणकुण रांगेंत पोंचली. पांच मिनिटांत रांग मोडली. आमच्या ओरडण्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. पोरें तींच, मास्तर तेच. पातेल्यांत अन्न तेवढें कमी होतें.

दि. 27 ऑक्टोबर 2024 रोजीं पहांटे वांद्रे टर्मिनसवर हेंच झालें. दिवाळीच्या तोंडावर गोरखपुरास जाणारी अंत्योदय एक्स्प्रेस फलाटावर लागत होती. ही सगळी गाडीच बिनआरक्षणाची. ती थांबण्याच्या आधींच लोकांनीं दारें धरलीं आणि नऊ जण जखमी झाले. प्रवास एका दिवस-रात्रीहून लांबचा. आधीं शिरेल त्यास बांक, मागून शिरेल त्यानें संडासाच्या दाराशीं उभें राहावयाचें. अशा वेळीं मनुष्य धांवणार नाहीं तर काय करील ?

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गांवच्या एका लोहार कुटुंबाबरोबर आम्ही एका मोठ्या जंक्शनावर उभे होतों. तिकिटें रोख पैसे मोजून घेतलेलीं. त्यांवर ना डब्याचा नंबर, ना जागेचा. जनरल डबा कोठें लागतो म्हणून एका गणवेषवाल्यास विचारलें, तर मान न वळवितां ‘पुढें’ म्हणाला. पुढें गेलों. मग फलाट बदलल्याचें भोंग्यानें सांगितलें. बोचकीं, पोरें, हातोडे-सांडशींची पिशवी आणि लोहाराची म्हातारी आई, असा सगळा लबेदा जिना चढून उतरला. तोंवर गाडी आलेली, आणि जनरल डबा अगदीं शेपटाला. दारांत उतरणारे आंत अडकलेले, चढणारे बाहेरून रेटताहेत. आंत दोन बांकांवर कोणी दांडगे आधींच पसरले होते व पन्नास-पन्नास रुपयांना जागा विकीत होते. म्हातारीला खिडकींतून आंत ओढून घेतलें. तिची एक वहाण रुळावर पडली. आम्ही खालींच राहिलों, तिकीट हातांत धरून.

आतां कायदा पाहा. रेल्वे कायदा, 1989 याच्या 57 व्या कलमांत लिहिलें आहे कीं, प्रत्येक डब्यांत जास्तींत जास्त किती उतारू घ्यावयाचे हें रेल्वेनें ठरवावें आणि तो आंकडा डब्यावर ठळक दिसेल असा लिहावा. हें नवें नाहीं. इंग्रजांच्या 1890 च्या कायद्यांतही अशीच तरतूद होती. आसनांचा आंकडा डब्यावर रंगविलेला आम्हीं पाहिला आहे, नव्वद, फार तर शंभर. पण तिकिटाची खिडकी त्या आंकड्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. मागेल त्यास तिकीट मिळतें, अन् मग दारांत पाहून घ्या. दि. 15 फेब्रुवारी 2025 रोजीं नवी दिल्ली स्टेशनांत प्रयागराजच्या गर्दींत 18 माणसें मेलीं, तेव्हां दिल्लीच्या हायकोर्टानेंच या कलमावरून रेल्वेस विचारलें कीं, डब्याची मर्यादा ठरली असतां जास्त तिकिटें विकतां कां ?

त्यानंतर 73 स्टेशनांबाहेर गर्दी थोपविण्याच्या जागा करण्याचें ठरलें. पक्कें आरक्षण असेल त्यास सरळ फलाटावर सोडावयाचें, बाकीच्यांनीं बाहेर थांबावयाचें, असा बेत. सावली, पाणी असेल तर थांबूं. आमच्या लोकांस थांबण्याची संवय आहे. पण बाहेर दोन तास कोंडून शेवटीं त्याच दोन डब्यांवर सोडणार असाल, तर चेंगराचेंगरी जिन्यावरून दारापाशीं आणली एवढेंच होईल. जनरल डबे वाढवा. गाडी तासभर आधीं लावा, डब्याची जागा पाटीवर लिहा, शंभर तिकिटें विकलीं कीं पुढच्या शंभरांस दुसरी गाडी द्या. मग रांग लावण्यास लाठी लागणार नाहीं.

आमचेही दोष आहेत. खिडकींतून रुमाल टाकून बांक अडविणारे, उतरणाऱ्यास वाट न देणारे आमच्यांतलेच असतात, आणि त्या दांडग्यांस पन्नास रुपये देणारेही.

येत्या दिवाळींत ज्यांस जनरलनें जावयाचें आहे त्यांस आमची एक विनंती आहे. चढल्यावर डब्यावरचा आंकडा वाचा. बरोबर शाळेंत जाणारें पोर असेल, तर त्यास आंतलीं डोकीं मोजावयास सांगा. गाडीचा नंबर, तारीख आणि हे दोन आंकडे कागदावर लिहून 139 वर तक्रार नोंदवा, आणि तो कागद आमच्याकडेही पाठवा. आम्ही या पानावर ते आंकडे ओळीनें छापूं.