दगडही सोबत आणा

थंडी पडली की तळ्याकाठी पाण्यात बुडालेला एखादा दगड उलटून पाहावा. त्याच्या पोटाशी तपकिरी, फाटे फुटलेली जाळी चिकटलेली असते. बहुतेक जण तिला शेवाळ समजून दगड परत ठेवून देतात. तोच दगड तळ्याच्याच पाण्यात, पसरट बशीत ठेवून दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. मग एकेका फांदीच्या टोकातून पारदर्शक तंतूंचा घोड्याच्या नालेसारखा मुकुट बाहेर येतो. बशीला जरासा धक्का लागला, की सगळे मुकुट क्षणात आत! ही प्लुमाटेलाची वसाहत, म्हणजे गोड्या पाण्यातले ब्रायोझोआ नावाचे इवले प्राणी.

अशा वसाहतींवरची टिपणे आमच्या मासिकाकडे अधूनमधून येतात आणि त्यांतल्या काहींत ‘नवी जाती’ असा दावा असतो. त्याचे स्वागतच आहे. 2008 च्या जागतिक आढाव्यात गोड्या पाण्यातल्या ब्रायोझोआंच्या अवघ्या 88 जाती नोंदल्या होत्या. तळी, विहिरी आणि धरणांच्या आपल्या देशात अनोळखी जाती अजून आहेत, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण या टिपणांत एक उणीव पुन्हा पुन्हा दिसते. सगळे वर्णन एकट्या फ्लोटोब्लास्टवर, म्हणजे तरंगणाऱ्या सुप्त कळीवर, उभे असते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. प्लुमाटेलाच्या वसाहतीचा आकार अन्न, पाणी आणि आधार यांप्रमाणे बदलतो, म्हणून ओळखीसाठी स्टॅटोब्लास्ट या कवचबंद सुप्त कळ्यांकडेच वळावे लागते. त्यांतल्या फ्लोटोब्लास्टला वायूने भरलेल्या कोशिकांचे कडे असते. खसखशीहूनही बारीक असे हे दाणे तरंगत काठाला येतात आणि ब्रशने सहज टिपता येतात. सेसोब्लास्ट हा दुसरा प्रकार मात्र दगडाला घट्ट चिकटून असतो. वसाहत मरून झडून गेली तरी तो जागचा हलत नाही, पात्याने अलगद खरवडूनच सोडवावा लागतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांचे फ्लोटोब्लास्ट जुळे वाटतात, अशा जातींतला फरक अनेकदा सेसोब्लास्टच्या कवचावर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या उंचवट्यांत आणि जाळीत असतो.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. एका तळ्यावर कुपीभर फ्लोटोब्लास्ट गोळा केले आणि दगड तिथेच ठेवून आलो. पुढच्या हंगामात गेलो तेव्हा काठाला सिमेंटची भिंत उभी होती. कुपी आजही माझ्याकडे आहे, पण तिच्यावर जातीचे नाव लिहिता आलेले नाही.

दुसरा मुद्दा जुन्या नावांचा. या विषयात मुंबईचा वारसा मोठा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबईच्या तळ्यांतले स्पंज आणि ब्रायोझोआ तपासले. त्यांना मिळालेल्या जातीला 1866 मध्ये हायट यांनी कार्टर यांचेच नाव दिले. ती आजची लोफोपोडेला कार्टेराय, जी पुढे उत्तर अमेरिकेतही सापडली. 1908 मध्ये नेल्सन अॅनन्डेल यांनी एका प्लुमाटेलाला मुंबईचे नाव दिले आणि 1911 मध्ये या गटावरचा त्यांचा ग्रंथ आला. ही सारी वर्णने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा नवा नमुना जुन्या नावाहून वेगळा आहे असे म्हणायचे, तर आधी त्या जुन्या जातीचा नमुना तिच्या मूळ ठिकाणाहून किंवा जवळपासून पुन्हा मिळवून आजच्या साधनांनी पाहायला हवा. जुने नाव धूसर असेल, तर त्याच्याशी केलेली तुलनाही धूसरच राहणार.

तिसरा मुद्दा नमुन्याच्या ठेवीचा. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार 2000 पासून नव्या जातीच्या नावाचा आधार ठरणारा नमुना (होलोटाइप) किंवा नमुने (सिनटाइप) स्पष्टपणे नेमावे लागतात. आपल्या 2002 च्या जैवविविधता कायद्यानेही नव्या जातीची माहिती अधिकृत भांडाराला कळवणे आणि तिथे नमुना जमा करणे बंधनकारक केले आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असे एक भांडार आणि त्याचे केंद्र पुण्यातही आहे. नमुना कपाटात राहिला, तर आपल्यानंतर येणाऱ्याला आपला दावा पडताळून पाहायचा मार्गच उरत नाही.

म्हणून एक विनंती. दगडाचा किंवा जलपर्णीच्या देठाचा तुकडा वसाहतीसकट आणा. वसाहतीचा एक भाग डीएनएसाठी तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. ठिकाण, तारीख, खोली आणि पाण्याचे तापमान तिथेच, तळ्याकाठी लिहा. जमल्यास दुसऱ्या हंगामात पुन्हा त्याच जागी जा.

आमच्या बाजूने एक शब्द देतो. जुन्या जातीच्या नीट केलेल्या पुनर्वर्णनाला या मासिकात नव्या जातीच्या वर्णनाइतकीच जागा आणि तितकाच मान मिळेल. कार्टर यांची जाती मुंबईच्या एखाद्या तळ्यातून कोणी पुन्हा शोधून आणली आणि तिच्या स्टॅटोब्लास्टची स्वच्छ छायाचित्रे आमच्याकडे पाठवली, तर त्या अंकाचा पहिला लेख तोच असेल.