टेन्शन घेऊ नका म्हणे!



परवा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट आणला. एचबीएवनसी ८.९. डॉक्टरांनी कागद बघितला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काकू, पथ्य बरं पाळता तुम्ही. फक्त टेन्शन घेऊ नका." तोवर पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

टेन्शन मी काय मंडईतून पिशवी भरून घेऊन येते होय?

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, ९१ वर्षांच्या. तीन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून पलंगावर. कमोडची खुर्ची, कूस बदलणं, पाठीला पावडर, सूर्यास्ताआधी भरवणं, सगळं माझ्याकडे. रात्री हाक आली की मी उठायचं. ह्यांना ऐकू येत नाही असं नाही, पण "सुनेनं केलेलं तिला बरं वाटतं" असं ते म्हणतात. मुलगा पुण्यात, नणंद बेळगावात, दोघांचा रोज फोन. "आईंना जप हं" असं सांगायला.

मी बी.कॉम. आहे. चाळीस वर्षं त्या पदवीचा उपयोग दूधवाल्याच्या हिशेबापलीकडे झाला नाही, म्हणून या वेळी ठरवलं की वही घालायची. डाव्या बाजूला रात्री किती वेळा उठले, उजवीकडे सकाळची उपाशीपोटी साखर. जेवण तेच, गोळ्या त्याच. महिना भरला आणि वही बोलायला लागली. सलग पाच तास झोप मिळालेली सकाळ १३० च्या आसपास. तीनदा उठलेल्या रात्रीनंतर १७० च्या पुढे. झोप मोडली, जीव धास्तावला की शरीरात कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. इन्सुलिनचं कामही नीट होत नाही. म्हणजे मी रात्री लाडू खात नव्हते, तरी सकाळी लाडू खाल्ल्यासारखी साखर दिसत होती. त्या महिन्यात एकूण ७१ वेळा उठावं लागलं. त्यांतले ह्यांचे ५.

आता मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. घरातल्या लोकांनाही ती पुरती सांगितलेली नाही. दशलक्षण पर्वात नऊ दिवस एकाशन केलं आणि अनंत चतुर्दशीला निर्जळ नाही, पण पाण्यावरचा उपवास धरला. डॉक्टरांना विचारलं नाही. ते नको म्हणतील हे माहीत होतं. आणि गोळी चुकवायची नाही एवढंच डोक्यात बसलेलं, म्हणून सकाळची ग्लिमेपिराइड घेतली. ही गोळी पोटात अन्न नसलं तरी साखर खाली ओढते. अकरा वाजता आत्तींना खुर्चीवरून पलंगावर घेत होते. हात कापायला लागले, दरदरून घाम, डोळ्यांसमोर अंधार. त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आणि माझे पाय माझे नाहीत. भांडी घासायला आलेली बाई धावली म्हणून दोघी वाचलो. मीटरवर ५२. सत्तरच्या खाली गेलं की धोका. तिनंच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा कुठे ८० च्या वर आली.

संध्याकाळी घरात ऐकलं, "झेपत नव्हतं तर करायचा कशाला?" दुसऱ्या दिवशी मंदिरात ऐकलं, "अगं, शेवटचाच तर दिवस होता. थोडी कळ काढायचीस." माझं भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे.

आधी मंदिरातलं. बायांनो, आपण रोज स्वाध्यायाला बसतो ते कशाला? तपाचे बारा प्रकार सांगितलेत, सहा बाह्य, सहा अंतरंग. अनशन त्यांतलं एक. अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं हेही तप. रसपरित्याग हेही तप, आणि साखर हा त्यातला एक रस. मधुमेही बाई वर्षाचे ३६५ दिवस ती सोडून बसलेली असते, तिची मिरवणूक कोणी काढत नाही. अंतरंग तपात वैयावृत्त्य आहे, म्हणजे सेवा. ते मुनिसंघाच्या संदर्भात सांगितलंय हे मला ठाऊक आहे, पण आजारी साधूची सेवा तप असेल तर आजारी सासूची सेवा नुसतं घरकाम कशी? आणि सोळाकारण भावनांमधलं 'शक्तितस्तप' हे नाव आपण पूजेत म्हणतो. शक्तीप्रमाणे तप. शेजारणीच्या शक्तीप्रमाणे नाही. आपण मात्र आठ उपवास करणारीला हार घालतो आणि गोळी घेऊन एकाशन करणारी मागच्या रांगेत मान खाली घालून बसते. इन्सुलिनचं पेन रुमालात गुंडाळून आणणाऱ्या दोघी मला माहीत आहेत. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आता घरातलं. सेवेचा हिशेब ठेवायचा नसतो, असं मला सांगण्यात आलं. का नसतो? मंदिराचा जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लागतो, त्यानं देवाची भक्ती कमी झाली का? ज्या महिन्यात रात्रीच्या बाईचे पैसे परवडणार नाहीत असं ठरलं, त्याच महिन्यात आमच्या घरातून शांतिधारेची बोली घेतली गेली. अकरा हजारांची. मी हात जोडून उभी होते आणि मनात बेरीज चालली होती. देव मला क्षमा करो. बोली घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण एका घरात दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या, तर पैसे नव्हते हे कारण खरं नव्हतं. माझी झोप फुकट मिळत होती, हे कारण खरं होतं.

वही मी जेवणानंतर टेबलावर ठेवली. कोणी दोन मिनिटं बोललं नाही. मग ह्यांनी ७१ वर बोट ठेवून विचारलं, "हे खरंच एवढं?" नणंदेला फोटो पाठवला, तिचा रागाचा फोन आला, पण राग उतरल्यावर ती दर महिन्याला चार दिवस येऊन राहायला लागली. आठवड्यातून चार रात्री एक मावशी येतात, त्यांचे पैसे मुलगा देतो. रविवारी रात्री हे उठतात. त्यांनी केलेलं आत्तींना चालतं, मी दाराआडून ऐकलंय. हे सगळं सुरू होऊन दीडच महिना झालाय, म्हणून ८.९ लगेच उतरेल अशी माझी अपेक्षा नाही.

पर्युषण पंधरा दिवसांवर आलंय. या वेळी मी आधी डॉक्टरांकडे गेले, एकाशनाच्या दिवसांत कोणती गोळी किती ते कागदावर लिहून आणलं. चतुर्दशीला उपवास नाही. नियम घेताना औषध-पाण्याची सवलत तोंडानं मागून घेणार, रात्री साखर उतरली तर लागणारी साखरही त्यात धरून. सगळ्यांसमोर मागणार. ज्यांना मागायची आहे त्यांनी माझ्या शेजारी बसा, मी डावीकडच्या खांबापाशी असते.