गुळगुळीत कर्व्हच्या विरोधात

बी-एच कर्व्हचं प्रॅक्टिकल आपल्यापैकी बहुतेकांनी केलंय. रीडिंग घ्यायची, ठिपके मांडायचे आणि फ्रेंच कर्व्ह लावून एक झोकदार वळण काढायचं. एखादा ठिपका बाहेर गेला तर गुपचूप खोडायचा. जर्नलवर सही मिळते, विषय संपतो. माझं म्हणणं एवढंच, की या सगळ्यात लोखंडाचं म्हणणं कुणी ऐकतच नाही.

१९१९ साली हाइनरिश बार्कहाउझेन यांनी ते अक्षरशः ऐकलं. लोखंडाभोवती कॉइल, पुढे अॅम्प्लिफायर, आणि चुंबक हळूहळू जवळ. चुंबकीकरण सलग वाढण्याऐवजी कडकड आवाज करत वाढत होतं! डोमेनच्या भिंती धातूतल्या दोषांपाशी अडकतात आणि जोर वाढला की झटक्याने सुटतात. म्हणजे तो गुळगुळीत कर्व्ह खरं तर बारीक पायऱ्यांचा जिना आहे.

मास बंक आठवा. प्रत्येक पोराचा स्वतःचा कल वेगळा, ही झाली अव्यवस्था. रूम पार्टनरची ओढ असतेच. वरून सीआरचा वाढता आग्रह, म्हणजे बाहेरचं क्षेत्र. सगळ्यांचे कल सारखे असतील तर एक उठला की अख्खा वर्ग बाहेर. कल फारच वेगवेगळे असतील तर दोघे-तिघे करत सटकतात. मधल्या सीमेवर मात्र लहानमोठ्या सगळ्या मापांचे लोंढे निघतात. ही सीमा म्हणजे फेज ट्रान्झिशनचा क्रिटिकल पॉइंट आहे, हे १९९३ साली जेम्स सेथना आणि सहकाऱ्यांनी अशाच एका मॉडेलवर दाखवलं. इथे तापमान बदलायचं नाही, अव्यवस्थेची मात्रा बदलायची.

१९९७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दीपक धर यांनी प्रबोध शुक्ल आणि सेथना यांच्यासह, झाडासारख्या फांद्या फुटणाऱ्या जाळ्यावर हे गणित नेमकं सोडवलं. गंमत पहा, प्रत्येकाला तीनच शेजारी असतील तर एकदम मोठी उडी होतच नाही. चार शेजारी आणि अव्यवस्था कमी असेल, तर होते!

आपल्या मोजक्या रीडिंगमध्ये या पायऱ्या दिसणार नाहीत, हे मान्य. बाहेरचा प्रत्येक ठिपका म्हणजे शोध नव्हे, हेही मान्य. पण ज्याला खोडायची सवय लागली, त्याला खरी पायरी समोर आली तरी दिसायची नाही. म्हणून सरांना विनंती, एक दुपार द्या. कॉइल, अॅम्प्लिफायर, जुना स्पीकर, एवढंच लागतं. आणि व्हायवात एकदा तरी विचारा, "कर्व्ह कसा ऐकू येतो?"