जुनी व्हॅन घ्यावी का?

झाशी–कानपूर महामार्गावरील मोठ हे झाशी जिल्ह्यातील तहसिलीचे गाव आहे. अशा गावात शेतमाल बाजारात न्यावा लागतो, रुग्णाला मोठ्या दवाखान्यात पोहोचवावे लागते आणि लग्नसराईत माणसांची ने-आण करावी लागते. त्यामुळे घरात एखादी व्हॅन असणे हा मोठा आधार वाटतो. नवे वाहन सर्वांना परवडत नाही. म्हणून अनेक कुटुंबे जुन्या वाहनाकडे वळतात. हा निर्णय शहाणपणाचा आहे काय? माझ्या मते तो शहाणपणाचा ठरू शकतो. मात्र व्हॅनची किंमत पाहून नव्हे, तर तिचे कागद आणि आपल्या हातातील काम पाहून तो घ्यावा.

जुन्या व्हॅनच्या जमेच्या बाजू नाकारता येत नाहीत. मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली. पुढे ती ‘ओम्नी’ या नावाने ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ती इतकी वर्षे वापरात असल्यामुळे तिची दुरुस्ती जाणणारे कारागीर लहान गावांतही भेटतात. शिवाय भांडवल कमी गुंतते आणि कर्जाच्या मोठ्या हप्त्याचा भार पडत नाही.

परंतु वाहनाला यंत्राचे आयुष्य असते, तसेच नोंदणीचेही असते. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे टिकते. त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये १०,००० रुपये ठरले. चौदा वर्षांची व्हॅन स्वस्तात मिळाली, तरी वर्षभरात शुल्क, टायर, बॅटरी आणि दुरुस्ती यांचा खर्च समोर उभा राहतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत होते.

याहून गंभीर प्रश्न जबाबदारीचा आहे. खाजगी नोंदणीच्या वाहनातून भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी व्यावसायिक नोंदणी व परवाना लागतो. हा नियम मोडला असता अपघाताच्या भरपाईचा भार मालकावर येऊ शकतो. अनेक जण ओळखीवर विसंबून साध्या कागदावर व्यवहार उरकतात. परंतु नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक असून भरपाईस जबाबदार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणून मालकीबदलाचा अर्ज घेणाऱ्याइतकाच देणाऱ्याच्याही हिताचा असतो. मध्य प्रदेशाची सीमा येथून जवळ आहे. तिकडील वाहन घ्यावयाचे असेल, तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आधी मागावे.

म्हणून सौद्यापूर्वी ओळखीच्या कारागिराकडून व्हॅन तपासून घ्यावी. नोंदणी, विमा आणि कर्जमुक्तीचे कागद पाहावेत. नंतर महिन्याची खात्रीची मिळकत एका बाजूस आणि इंधन, विमा, दुरुस्ती यांचा खर्च दुसऱ्या बाजूस लिहावा. शिल्लक उरत असेल, तर जुनी व्हॅन अवश्य घ्यावी. मात्र व्हॅन आली की काम आपोआप मिळेल, एवढ्याच आशेवर घरची पुंजी मोडू नये.