पाणी जोखण्याची विद्या

पाण्या, तुझा रंग कसा? तर ज्यांत मिसळावें तसा, अशी आपल्याकडे म्हण आहे. रंगापुरती ती खरी असेल. पण चवीच्या बाबतींत पाणी इतकें निमूट नसतें. याचा उत्तम दाखला बीअर करणाऱ्यांच्या धंद्यांत मिळतो. हें पेय आपल्या घरांतलें नव्हे, आणि त्याची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं. महाराष्ट्रांत तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे. परंतु इंग्लंडांत १९६३ पासून व अमेरिकेंत १९७९ पासून हौशी मंडळींस घरीं बीअर करण्याची मोकळीक आहे. तेथें राहणारा आपला एखादा पुतण्या पाण्यांत तोलून क्षार घालूं लागला, तर तो काय करतो हें वडील माणसांस समजलेलें बरें.

बीअरमध्यें नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचाच असतो. इंग्लंडांतील बर्टन गांवच्या विहिरींचें पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येतें. त्यांत दर लिटरमागें कॅल्शियम २५० मिलिग्रॅमच्या वर आणि सल्फेट ६०० च्या वर आढळतें. तेथली फिकट, कडसर एल १८२० नंतर गलबतांतून हिंदुस्थानांत येऊं लागली. पुढें लंडनच्या मातबर कारखानदारांनीं केवळ या पाण्यासाठीं बर्टनास शाखा काढल्या. उलट बोहेमियांतील पिल्सनचें पाणी अगदीं मृदु, कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास. तेथें १८४२ सालीं योसेफ ग्रोल यानें सोनेरी पिल्सनर सिद्ध केली. डब्लिनचें पाणी बायकार्बोनेटयुक्त. तेथें काळी स्टाउट नांवारूपास आली.

याचें कारण असें. मोड आणून वाळविलेला सातू ६५ अंश सेंटिग्रेडच्या सुमाराच्या ऊन पाण्यांत भिजविला म्हणजे त्यांतील एन्झाइमें पिष्टाची साखर करतात. या क्रियेस ५.२ ते ५.६ पीएच इतकी बेताची आम्लता मानवते. पीएच हें मापही १९०९ सालीं सोरेन्सन यानें कोपनहेगन येथें कार्ल्सबर्ग या बीअर कारखान्याच्याच प्रयोगशाळेंत काढलें. पाण्यांतील कॅल्शियम धान्यांतील फॉस्फेटांशीं संयोग पावून आम्लता वाढवितें. बायकार्बोनेट ती मारतें. काळें होईपर्यंत भाजलेलें धान्य मात्र स्वतःच आम्ल असतें, म्हणून डब्लिनचें पाणी काळ्या बीअरला पथ्यकर ठरलें. शिवाय सल्फेटानें हॉपच्या फुलांचा कडूपणा ठसठशीत लागतो, तर क्लोराइडानें चवीला भरीवपणा येतो.

तेव्हां घरगुती बीअर करणाऱ्याचें पहिलें काम क्षार घालणें हें नव्हे, तर पाण्याचें पृथक्करण मिळविणें हें होय. पाणी मृदु असेल व कडसर एल हवी असेल, तर २० लिटरांत ५ ग्रॅम जिप्सम घातल्यानें दर लिटरमागें कॅल्शियम सुमारें ५८ व सल्फेट सुमारें १४० मिलिग्रॅम वाढतें. पाणी बायकार्बोनेटनें जड असेल व पिल्सनर हवी असेल, तर तें उकळून, निववून वरची निवळी घ्यावी, किंवा त्यांत ऊर्ध्वपातित पाणी मिसळावें. मूळ पाण्यांत काय आहे हें न पाहतां मुठीनें क्षार टाकणारा आपल्या हातानें सारा घाणा बिघडवितो. जिप्समचा अतिरेक झाला कीं चव रुक्ष व क्षारट होते.

आतां आपल्या स्वयंपाकघराकडे वळूं. बर्टनला ज्या कॅल्शियमनें कीर्ति दिली, तेंच आपल्या विहिरीच्या जड पाण्यांत डाळीच्या पेशींतील पेक्टिनाशीं जखडून बसतें, आणि डाळ कांहीं केल्या शिजत नाहीं. बोल मात्र लागतो तो सुनेच्या हाताला किंवा वाण्याच्या डाळीला! पाणी जात्या चांगलें वा वाईट नसतें. काम पाहून तें जोखावें लागतें. ज्या घरीं भांड्याच्या तळाशीं पांढरी खपली धरते, तेथें पाणी आधीं उकळून, निववून, वरची निवळी घेऊन डाळ शिजवून पाहावी. बायकार्बोनेटमुळें आलेला जडपणा त्यानें पुष्कळ अंशीं जातो, आणि त्याबरोबर घरांतील एक विनाकारण कटकटही जाईल.