सनद मिळाली, पोट कसं भरणार?

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. आनंद आहेच. पण आपली किती पोरं-पोरी तिथं उभी राहणार? एलएलबी झाल्यावर सिनियरच्या ऑफिसात फायली उचलायच्या, हातात पेट्रोलपुरते पैसे. ज्याच्या बापाचं ऑफिस तो टिकतो. आपला पोरगा फायनान्स कंपनीच्या वसुलीला लागतो.

याच संस्थानात शाहू महाराजांनी अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. खुद्द बाबासाहेबांना सनदेसाठी नवल भथेनांची मदत घ्यावी लागली. 1923 ला वकिली सुरू केली, तर जात बघून सॉलिसिटर काम देईनात. मग बाटलीबॉयच्या संस्थेत शिकवणं आलं.

जयंती मंडळांनो, यंदा डॉल्बी नको. त्या पैशातून तालुक्यातल्या एका ज्युनिअरला मानधन सुरू करा, मुलगी असेल तर आधी तिला.