सज्जनाच्या हातीं मुकुट

संगणकावर खेळणाऱ्या मुलांच्या पाठीमागें उभें राहून कपाळास आठ्या घालणें हें वडीलधाऱ्यांचें एक ठरलेलें कर्तव्य आहे, व तें आम्हीं आजवर चोख बजावलें. परंतु गेल्या महिन्यांत पुतण्याच्या आग्रहास्तव आम्ही स्वतःच खुर्चीवर बसलों, आणि पुढचे दोन आठवडे तेथून फारसे उठलों नाहीं. कबुली देण्यास संकोच वाटतो. पण या सदराच्या वाचकांपासून आम्हीं कधीं कांहीं लपविलेलें नाहीं.

खेळाचें नांव 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स'. कॅनडांतील एडमंटन शहरच्या बायोवेअर कंपनीनें तो 2009 सालीं तयार केला. राक्षस, तरवारी, मंत्रतंत्र हें सर्व त्यांत आहेच. तें ज्याचें त्यास लखलाभ असो. आम्हांस खिळवून ठेवलें तें डोंगराच्या पोटांत वसलेल्या ऑर्झमार नांवाच्या खुजांच्या राज्यानें. देशावर राक्षसी सैन्याची धाड आलेली आहे आणि जुन्या तहाप्रमाणें खुजांनीं मदतीस फौज द्यावयाची आहे. पण आज्ञा द्यावी कोणीं? राजा एंड्रिन मरण पावला आहे, आणि नवा राजा निवडणाऱ्या सरदारांच्या सभेंत दोन तट पडून कारभार अडून बसला आहे.

या राज्यांतील व्यवस्था पाहून आम्ही थोडे चपापलों. सरदार, योद्धे, लोहार, कारागीर, खाणकामकरी, व्यापारी, सेवक अशा जाति जन्मानें ठरलेल्या. मुलास बापाची जात, मुलीस आईची. वंशावळी दफ्तरखान्यांत जतन केलेल्या असतात, आणि ज्याचें नांव त्या दफ्तरांत नाहीं तो कायद्याच्या दृष्टीनें जन्मलाच नाहीं! अशा जातिहीनांच्या तोंडावर खूण गोंदवितात, आणि त्यांनीं डस्ट टाउन नांवाच्या धुळकट वस्तींत राहावयाचें. जो खुजा डोंगराबाहेर पडून उघड्या आकाशाखालीं गेला त्याचीहि जात गेली. समुद्र ओलांडून विलायतेस जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावयास लावणारी आपल्या पणजोबांची पिढी कोणास आठवणार नाहीं?

गादीसाठीं दोघे उभे आहेत. एक राजपुत्र भेलेन. यानें कारस्थान रचून थोरल्या भावाचा काटा काढला व त्याचा आळ मधल्या भावावर ढकलला. त्याच्या पक्षाचें काम पत्करलें तर पहिल्याच फेरींत बनावट दस्तऐवज सरदारांच्या हातीं द्यावे लागतात. दुसरा हॅरोमाँट, मृत राजाचा वृद्ध सल्लागार: मृदु बोलणारा, शब्दाचा पक्का, रीतभात सांभाळणारा. भेलेन गादीवर येऊं नये अशी राजाची अखेरची इच्छा होती, असें तो सांगतो. कोंडी फुटते ती अशी, कीं खोल भुयारांतून एक मुकुट आणला जातो, आणि तो कोणाच्या मस्तकीं ठेवावयाचा हें खेळणारानें ठरवावयाचें. आम्हांस क्षणभरहि विचार करावा लागला नाहीं. मुकुट हॅरोमाँटला दिला आणि स्वच्छ मनानें झोंपीं गेलों.

खेळ संपल्यावर पुढील काळाची हकीकत पडद्यावर येते. ती वाचतांना आमचा चहा निवाला. राजा हॅरोमाँटनें परंपरेला धरून व सभेच्या कलानें राज्य केलें. म्हणजे जातिहीनांवरील बंधनें अधिक आवळलीं आणि बाहेरच्या जगाशीं चालणारा व्यापार तोडला. मुकुट भेलेनला दिला तर काय होतें तें पुतण्यानें सांगितलें. तो पहिल्याच दिवशीं हॅरोमाँटचा शिरच्छेद करवितो आणि पुढें सभाच मोडून टाकतो. पण व्यापार वाढतो, राक्षसांविरुद्ध शस्त्र धरणाऱ्या जातिहीनांस हक्क मिळतात, आणि गमावलेलीं भुयारें परत ताब्यांत येऊं लागतात.

यावर जेवतांना वाद झाला. आमचे वडील बंधु वकिली केलेले, ते म्हणाले, "सभा मोडणारा राजा आज हक्क देईल, उद्यां परत घेईल. मग दाद कोणाकडे मागायची?" हें म्हणणें खोडून काढणें कठीण आहे. आपल्या देशांत अस्पृश्यता बंद झाली ती घटनेच्या 17व्या कलमानें, आणि तें कलम एका सभेनेंच मंजूर केलें, असेंहि त्यांनीं ऐकविलें. खरें, पण त्या सभेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानीं डॉ. आंबेडकर होते. ऑर्झमारच्या सभेंत डस्ट टाउनचा एकहि माणूस बसत नाहीं. आणि कोल्हापुरांत 1902 सालीं शाहू छत्रपतींनीं मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या हुजुरच्या हुकुमानें. तेथें मतें मोजलीं असतीं तर काय निकाल लागला असता, हें आपल्या घरांतील जुन्या मंडळींस कोणी सांगावयास नको. (भावाचा घात करणाऱ्या भेलेनच्या पंक्तीस महाराजांना बसविण्याचा अविचार आम्ही करीत नाहीं. सुधारणेची गांठ पापाशीं आणि सौजन्याची जुलमाशीं मारून देणें ही खेळकर्त्यांची लबाडी आहे, एवढें आमचें गाऱ्हाणें त्यांच्यापाशीं राहीलच.)

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, तो म्हातारा तुमच्याशीं सभ्यपणें वागला हें खरं. त्या वस्तींतल्या माणसांशीं तो कसा वागतो, हें तुम्हीं कुणाला विचारलंत का?"

विचारलें नव्हतें. त्या वस्तींत आम्ही गेलों होतों, पण एका गुंडांच्या टोळीचें पारिपत्य करावयास. गंमत अशी, कीं भेलेन असो वा हॅरोमाँट, डस्ट टाउनमध्यें पाठवितो तो तरवार घेऊनच.

पुतण्यानें आतां खेळ नव्यानें मांडला आहे, आणि या खेपेस नायक जातिहीन घेतला आहे. दुसऱ्याचें चिलखत चढवून तो आखाड्यांत उतरतो आणि भल्याभल्यांस लोळवितो. तो कोण हें उघडकीस आल्यावर मात्र बक्षीस म्हणून कोठडी मिळते. रंगभूमीवर कृपाचार्यांनीं कर्णास कुळ विचारलें, तोच हा प्रसंग. पुढें तो ऑर्झमारास परततो तेव्हां त्याची बहीण त्याला राजवाड्यांतच भेटते. भेलेनपासून तिला मुलगा झाला आहे, मुलास बापाची जात मिळाली आहे, आणि त्या एका तान्ह्या पोरामुळें तीहि वाड्यांत राहावयास आली आहे.

काल रात्रीं तो पुन्हां सभेपुढें मुकुट घेऊन उभा होता. मागें वळून म्हणाला, "काका, आतां कुणाला देऊं?" तितक्यांत स्वयंपाकघरांतून पानें वाढल्याची हांक आली, आणि आम्ही जरा घाईनेंच उठलों.